स्त्रीबीजातला तो उजेड आणि सुनेला लागणारा बोल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत 'गर्भधारणेच्या क्षणी प्रकाश!' असा लेख आला, सोबत काळ्या बॅकग्राउंडवर हिरवट वलय असलेल्या गोलाचा फोटो, आणि दुपारच्या जेवणापर्यंत तोच फोटो मला सोसायटीच्या, माहेरच्या आणि शाळेच्या अशा तिन्ही ग्रुपवरून परत आला, खाली हात जोडलेले इमोजी, एका ठिकाणी तर 'आत्मा प्रवेश करतानाचा क्षण' असं लिहिलेलं. मी चोवीस वर्षं आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियोलॉजिस्ट आहे, स्पर्म आणि एग, म्हणजे शुक्राणू आणि स्त्रीबीज, हेच माझं रोजचं काम, आणि आजवर माझ्या मायक्रोस्कोपखाली एकही एग चमकलेलं नाही. एकही नाही.

नुसतं तेवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, लोक कशाकशात देव बघतात, बघू देत. पण लेखाच्या शेवटी तुमच्या लेखकाने एक वाक्य टाकलंय की स्त्रीबीज सकस नसेल तर हा प्रकाश पडत नाही, म्हणून स्त्रियांनी आहाराकडे लक्ष द्यावं. हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं, कारण सोमवारी सकाळी ओपीडीत एक बाई तेच कात्रण पर्समधून काढून विचारत होती, मॅडम माझ्या बीजात उजेड पडला नाही का.

आधी तो फोटो. तो प्रयोग २०१६ साली अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत झाला, टेरेसा वुड्रफ आणि थॉमस ओहॅलोरन यांच्या टीमने केला, आणि प्रयोग अस्सल आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या मानवी एगमध्ये स्पर्म गेलेलाच नव्हता! अमेरिकेत सरकारी पैशातून भ्रूण तयार करायचं संशोधन करता येत नाही, म्हणून त्यांनी दान मिळालेली एग घेतली आणि त्यांना केमिकलने, नाहीतर स्पर्ममधल्या एका प्रोटीनचा जनुकीय निरोप टोचून, 'फर्टिलायझेशन झालंय' असं भासवलं. तसं भासलं की एग झिंकचा सडा बाहेर टाकतं. आता झिंक म्हणजे जस्त, ते काही आपोआप उजळत नाही, म्हणून बाहेरच्या पाण्यात एक डाय घातलेला असतो, तो झिंकला चिकटला आणि वरून योग्य रंगाचा प्रकाश मारला की चमकतो. बस. फोटोतला उजेड त्या डायचा. डाय घातला नाही तर सगळं अगदी तसंच घडतं आणि डोळ्यांना काहीही दिसत नाही.

मला तर खरी हकीकत त्या फॉरवर्डपेक्षा जास्त भारी वाटते. याच मंडळींनी आधी उंदराच्या एगमध्ये मोजलं होतं, कडेलगत झिंक भरलेल्या सुमारे ८,००० पुरचुंड्या असतात आणि एकेका पुरचुंडीत १० लाखांच्या आसपास झिंकचे अणू. एवढं सगळं ते एग पिकताना जमवून ठेवतं आणि वेळ आली की उधळतं. पण वेळ आली हे त्याला सांगतं कोण? ते सांगतं कॅल्शियम, आणि तुमच्या अख्ख्या लेखात कॅल्शियम हा शब्द एकदाही नाही. म्हणजे वरातीतले फटाके छापले आणि नवरदेवच राहिला.

स्त्रीबीज ओव्हरीतून बाहेर पडतं तेव्हा ते अर्धवट विभाजनात थांबलेलं असतं. घाटात गियरमध्ये टाकून, इंजिन चालू ठेवून, ड्रायव्हर ब्रेकवर पाय दाबून बसलाय अशी एसटी डोळ्यासमोर आणा, तसं. हा ब्रेक म्हणजे एमी-२ नावाचं प्रोटीन. स्पर्म आत आला की एगमधलं मोकळं कॅल्शियम एकदम वाढतं, त्याने एक एन्झाइम जागं होतं, ते एन्झाइम त्या ब्रेकची वाट लावतं आणि गाडी पुढे सरकते. स्पर्म आलाच नाही तर एग तसंच ताटकळत राहतं आणि मरून जातं, दर महिन्याला हेच होतं, कोट्यवधी बायकांमध्ये.

कॅल्शियम येतं कुठून तर एगच्या आतूनच. शाळेत आंतर्द्रव्यजालिका शिकलो होतो ना, आकृती काढून दोन मार्कांसाठी, तीच याची कोठी. एगच्या आतल्या रसात मोकळं कॅल्शियम बाहेरच्या मानाने जवळपास दहा हजार पट कमी ठेवलेलं असतं, सगळं कोठीत बंद. स्पर्म आपल्याबरोबर एक एन्झाइम घेऊन येतो, त्याचं नाव पीएलसी झीटा, ते एगमधल्या एका स्निग्ध पदार्थाचे दोन तुकडे करतं, त्यातला आयपी-३ नावाचा तुकडा कोठीच्या दारावर जाऊन बसतो आणि दार उघडतं. थोडं कॅल्शियम बाहेर आलं की त्यानेच शेजारची दारं उघडतात, म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट जाते. मग पंप ते कॅल्शियम परत कोठीत भरतात. मग पुन्हा लाट. उंदराच्या एगमध्ये पहिली लाट काही मिनिटं टिकते आणि नंतर दर १० ते २० मिनिटांनी एकेक ठोका, असं तीन-चार तास चालतं, प्रोन्यूक्लियस, म्हणजे आईकडच्या आणि बापाकडच्या जनुकांचे दोन गोल, तयार होईपर्यंत. मासा, बेडूक, सी-अर्चिन यांच्यात साधारण एकच मोठी लाट येते आणि काम होतं, हे वारंवार ठोके आपल्या सस्तन प्राण्यांची खासियत. माणसाच्या एगमध्येही ठोकेच पडतात, ते १९९३ साली दाखवलं गेलं.

पुन्हा पुन्हा कशाला, एकदा सांगून समजत नाही का? फ्रान्समध्ये ओझील नावाच्या शास्त्रज्ञाने सशाच्या आणि उंदराच्या एगला विजेचे बारीक झटके देऊन कॅल्शियमचे ठोके आपल्या हातात घेतले, किती द्यायचे, केवढे द्यायचे, आणि त्याला दिसलं की ठोक्यांवर पुढची वाढ कशी होते तेही अवलंबून असतं, म्हणजे निरोप नुसता पोचून भागत नाही, नीट घोटवून पोचावा लागतो. आणि कॅल्शियमचं आणखी एक काम, दार लावून घ्यायचं. एगच्या कडेलगत बारीक गोळ्या असतात त्या कॅल्शियम वाढलं की फुटतात, त्यातून ओव्हास्टॅसिन नावाचं एन्झाइम सुटतं आणि एगच्या बाहेरच्या कवचाचं एक प्रोटीन कापून टाकतं, मग दुसऱ्या स्पर्मला आत यायला जागाच राहत नाही. उशिरा आलेल्यांना मंगल कार्यालयाचं गेट बंद.

उजेडाची हौसच असेल तर १९७७ ची गोष्ट छापायची होती. मेडाका नावाचा छोटा जपानी मासा, त्याच्या अंड्यात रिजवे, गिल्की आणि जॅफ या तिघांनी एक्वोरिन टोचलं. एक्वोरिन म्हणजे जेलीफिशमधलं प्रोटीन, ते कॅल्शियम लागलं की स्वतः उजळतं, बाहेरून प्रकाश मारावा लागत नाही. फर्टिलायझेशन झालं आणि अंडं उजळलं, आणि पुढच्याच वर्षी, १९७८ साली, अंड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उजेडाची लाट जाताना टिपली गेली. बघा, तिथेही उजेड उसनाच, जेलीफिशचा. पण त्या उसन्या उजेडात पहिल्यांदा माणसाला कॅल्शियमची लाट पळताना दिसली. उंदराच्या एगमध्ये हेच ठोके १९८१ साली दिसले. जपानात मियाझाकी यांनी हॅमस्टरच्या एगवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९९२ साली त्या आयपी-३ च्या दाराला चिकटून ते अडवणारी अँटिबॉडी टोचली, ठोके बंद, म्हणजे दार तेच हे नक्की झालं.

दार उघडणारा स्पर्ममधला पदार्थ कोणता, हे शोधायला मात्र चांगलाच घाम गाळावा लागला. १९९० मध्ये कार्ल स्वॉन यांनी स्पर्म कुटून त्याचा अर्क एगमध्ये टोचला आणि ठोके सुरू झाले, म्हणजे वस्तू स्पर्मच्या आतच आहे. १९९६ मध्ये एका प्रोटीनवर बोट ठेवलं, ऑसिलिन असं बारसंही केलं, आणि नंतर कळलं की हे भलतंच, साखरेच्या कामातलं एन्झाइम. शेवटी २००२ साली ब्रिटनमध्ये स्वॉन, लाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पीएलसी झीटा सापडलं. बारा वर्षं! मधल्या काळात आम्ही इकडे इक्सी करून मोकळे, ब्रुसेल्समध्ये १९९२ साली पालेर्मो आणि मंडळींनी एकच स्पर्म सुईने थेट एगमध्ये सोडून मुलं जन्माला घातली होती, सुई टोचली की एग का जागं होतं हे धड माहीत नसताना. आपल्याकडे ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला तेव्हा तर इक्सीही नव्हतं, डिशमध्ये एग ठेवायचं, स्पर्म सोडायचे आणि हात जोडायचे.

आता जे सांगायला बसले ते.

इक्सी केल्यावर १६ ते १८ तासांनी आम्ही डिश बाहेर काढून बघतो, त्याला फर्टिलायझेशन चेक म्हणतात. आदल्या दिवशी दुपारी दोनला इंजेक्ट केलेलं असेल तर सकाळी सात-साडेसातला लॅबमध्ये हजर, बाहेर कॉरिडॉरमध्ये अजून फरशी पुसणं चाललेलं असतं. एगच्या मध्यभागी दोन फिकट गोल शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, एक आईकडचा एक बापाकडचा, आम्ही त्याला टू-पीएन म्हणतो. साधारण शेकडा सत्तर एगमध्ये दिसतात. दोन गोल दिसले की आजही मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, मी लॅबमध्ये तशी नवी होते. एका जोडप्याची नऊ एग होती, सुंदर, गोल, स्वच्छ, नऊच्या नऊ पिकलेली. नवऱ्याचा रिपोर्ट बघितला तर काउंट नॉर्मल, मोटिलिटी, म्हणजे स्पर्मची पळायची ताकद, तीही नॉर्मल. नऊ इंजेक्ट केली. सकाळी डिश बघितली, शून्य. एकातही गोल नाही, सगळी जशीच्या तशी, आदल्या दिवशी ठेवली तशीच बसलेली. मी दोनदा बघितलं, सीनियरला बोलावलं, तिने बघितलं. असं होतं, इक्सीच्या शंभर सायकलमध्ये एक ते तीन वेळा होतं, पण ज्याच्यावर वेळ येते त्याला त्या टक्क्यांचं काय.

बाहेर तिघं बसलेली. डॉक्टरांनी सांगितलं, आणि सासूबाई लगेच म्हणाल्या, "मी आधीपासून म्हणत होते, हिच्या बीजातच दम नाही. आमच्या घराण्यात असलं कुणाला काही नाही." मुलगा मोबाइलवर बोट फिरवत बसला. सून नंतर एकटी लॅबच्या दारापाशी आली, चप्पल बाहेर काढून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, "ताई, माझी एग खराब होती का हो?" आणि मी काय बोलले, तर "बघू, पुढच्या वेळी होईल." अगदी गुळमुळीत. एग छान होती हे मी तिला सांगायला पाहिजे होतं, सासूबाईंसमोर मोठ्याने सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं, ते आजही टोचतं.

दुसऱ्या वेळीही शून्य. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी ठरवलं आणि इक्सी झाल्यावर आम्ही एग कॅल्शियम आयनोफोरच्या थेंबात पंधरा मिनिटं ठेवली, मग धुऊन नेहमीच्या डिशमध्ये परत. आयनोफोर म्हणजे एगच्या पडद्यातून कॅल्शियमला वाट करून देणारं रसायन, त्याने ते नेहमीसारखे तासन्‌तास ठोके पडत नाहीत, एकच जोरदार ठोका पडतो, पण बरेचदा तेवढा पुरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपैकी चारात दोन-दोन गोल. पुढे त्यांचं काय झालं तो त्यांचा खासगी मामला, इथे लिहीत नाही. पण त्या चार एगनी एवढं सांगितलं की यंत्रणा धड होती, ब्रेक सुटायला तयार होता, कोठीही भरलेली होती, निरोप देणाऱ्यानेच निरोप दिला नव्हता. आणि निरोप कोण देतो ते वर लिहिलंच आहे.

काउंट आणि मोटिलिटी बघून पीएलसी झीटा आहे की नाही ते कळत नाही. स्पर्म भरपूर असतील, सुसाट पळत असतील, आणि तरी आत गेल्यावर मुके असतील. काही पुरुषांमध्ये सगळे स्पर्म गोल डोक्याचे असतात, टोकावरची टोपीच नसते, त्यांच्यात हे एन्झाइम बहुतेक वेळा नसतंच, ते निदान मायक्रोस्कोपखाली ओळखू येतं. पण काहींचे स्पर्म दिसायला एकदम ठीक आणि जीनमध्येच गडबड. असा पहिला रुग्ण २००९ साली नोंदवला गेला, आणि पुढच्या तपासात कळलं की त्याच्या जीनमध्ये दोन बिघाड होते, एक वडिलांकडून आलेला आणि एक आईकडून. हा जीन बाराव्या क्रोमोसोमवर आहे, पुरुषांच्या वाय क्रोमोसोमवर नाही, त्यामुळे आई तो बिघाड मुलाला देऊ शकते, आणि तिला स्वतःला त्याचा काडीचाही त्रास होत नाही कारण हे एन्झाइम स्पर्मचं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कॉरिडॉरमधल्या त्या सासूबाईच आठवल्या. आमच्या घराण्यात असलं काही नाही म्हणे.

म्हणजे आता उलटा सगळा ठपका पुरुषांवर ठेवा असंही नाही हं. एगच्या बाजूनेही अडतं, वी-टू (WEE2) नावाच्या जीनमध्ये बिघाड असेल तर स्पर्मचा निरोप पोचूनही एग पुढे सरकत नाही हे २०१८ मध्ये कळलंय, आणि त्याला कॅल्शियम देऊन उपयोग होत नाही. शिवाय निसर्गाकडे थोडीफार जादा किल्लीही दिसते, पीएलसी झीटा काढून टाकलेल्या उंदरांना २०१७ नंतरच्या प्रयोगांमध्ये पिल्लं कमी झाली पण अगदीच झाली नाहीत असं नाही. माझं म्हणणं एवढंच की आधी तपासा, मग बोला, आणि तपासायच्या आधी बोलायचंच असेल तर सुनेपासून सुरुवात करू नका.

आणि हे वाचून कुणी उठून आयनोफोर मागायला जाऊ नका. युरोपातल्या एश्रे या डॉक्टरांच्या संस्थेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की हे सरसकट वापरायचं नाही, आधीच्या वेळी फर्टिलायझेशन अजिबात झालं नसेल किंवा फारच कमी झालं असेल, किंवा ते गोल डोक्याचे स्पर्म असतील, अशांसाठीच. पॅकेजच्या यादीत कुणी हे ज्याला त्याला जोडून देत असेल तर का म्हणून विचारा.

ती ओपीडीतली बाई, कात्रणवाली, तिचा पुढचा प्रश्न अगदी ठरलेला होता, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो: मग मॅडम कॅल्शियम कमी पडतंय का, गोळ्या चालू करू, नाचणी खाऊ? नाचणी खा की, चांगली असते, आंबील करून खा, डॉक्टरांनी हाडांसाठी गोळ्या दिल्या असतील तर त्याही घ्या, पण या ठोक्यांचा आणि ताटातल्या कॅल्शियमचा असा थेट संबंध नाही. कोठीत माल असतो, दार उघडायला कुणी येत नाही ही अडचण असते. तिला मी हे कागदावर गोल काढून, बाण काढून समजावलं, आणि ती म्हणाली, "हा कागद मी घरी नेऊ का? ह्यांना दाखवायचाय." नेला तिने, माझ्या पेनाचं टोपणही नेलं त्याच्याबरोबर.

सांगायला हरकत नाही, या विषयात हौशी नावं ठेवायची रीतच आहे. स्पर्म एगला जिथे चिकटतो तिथल्या स्पर्मवरच्या प्रोटीनला जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली इझुमो नाव दिलं, ते लग्न जुळवणाऱ्या देवाचं तिकडचं जुनं देवस्थान, आणि एगवरच्या जोडीदार प्रोटीनला २०१४ मध्ये इंग्लंडच्या मंडळींनी रोमन विवाहदेवतेवरून जूनो म्हटलं. आपल्याकडे शोध लागला असता तर म्हाळसा ठेवलं असतं बहुतेक. तर देवाधर्माचं वावडं विज्ञानालाही नाही, फक्त नाव देवाचं आणि काम प्रोटीनचं हे त्या लोकांना नीट ठाऊक असतं.

संपादक साहेब, विनंती दोनच. 'स्त्रीबीज सकस नसेल तर प्रकाश पडत नाही' या वाक्याचा खुलासा छापा, आणि तो पुरवणीच्याच पानावर छापा, आतल्या पानावर टेंडर नोटिशीच्या खाली नको. आणि तो हिरवट फोटो परत वापरलात तर त्याच्याखाली 'झिंक दाखवणारा डाय, एगमध्ये स्पर्म नाही' एवढी ओळ टाका, जागा कमी असेल तर माझ्या पत्रातल्या म्हाळसेला कात्री लावा.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक एम्ब्रियोलॉजिस्ट, कोल्हापूर
ता.क. नाव छापू नये, माझ्या पेशंटच्या सासवाही तुमचाच पेपर वाचतात.